न दिलेली हाळी

दर रविवारी सकाळी ज्योतीरामच्या डाव्या कानात लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल पडायचं. पडायचं त्याच्या कानात आणि चरका बसायचा मन्सूरच्या पोटात. नऊ वर्षं हा कार्यक्रम अखंड चालू होता. दापोडीच्या एकाच चाळीत दोघांची दारं समोरासमोर, त्यामुळे मन्सूरनं मान फिरवून घेतली तरी लसणाचा वास काही मान बघून थांबत नसे.

ज्योतीरामचा कान ठणठणीत होता. ही गोष्ट जगात एकट्या मन्सूरला ठाऊक होती. खुद्द कानालासुद्धा नव्हती.

झालं होतं असं. एकोणीसशे सत्तर साली पिंपरीतल्या एका पंपाच्या कारखान्यात दोघंही नवे लागलेले. मन्सूर इथलाच, भोसरीकडच्या जुन्या घरातला. ज्योतीराम उस्मानाबादकडून आलेला. एक दिवस पंपाचं ओतीव कवच हलवायचं निघालं, चांगलं दोन मणाचं. साखळीची पुली दुसरीकडे गुंतलेली. म्हणून कवचाला दोर आवळला, दोरातून लोखंडी पाइप घातला आणि दोघांनी दोन टोकं खांद्यावर घेतली. पुढे ज्योतीराम, मागे मन्सूर.

अशा कामाचा एक रिवाज असतो. पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून ओझं टेकवायच्या आधी मागच्यानं हाळी द्यायची, "उतार हो!" पुढच्यानं "उतार!" असा जाब द्यायचा, आणि मग दोघांनी एकदम गुडघे वाकवायचे. रिवाज सोपा आहे. त्याला फक्त तोंड रिकामं लागतं.

मन्सूरचं तोंड रिकामं नव्हतं. ओझं उचलायच्या आधीच त्यानं तंबाखूचा ताजा बार भरला होता. तोंड उघडावं तर बार सांडतो, थुंकावं तर समोर मालोजी फोरमन उभा. मन्सूरनं मधला मार्ग काढला. त्यानं नाकातून "हं" केलं. यंत्रांच्या खडखडाटात नाकातून दिलेली हाळी नाकाच्या शेंड्यापर्यंतही पोचत नाही. ज्योतीराम ताठ उभाच राहिला आणि मन्सूरनं आपलं टोक खाली केलं. पाइप कलला, ओझ्याला हिसका बसला आणि ज्योतीरामची कंबर मागच्या मागे ओढली गेली. तो जो खाली बसला तो दोन महिने उठला नाही.

मालोजीनं कानामागची पेन्सिल काढून चौकशी केली. "मन्सूर, हाळी दिली होतीस?"

बार एव्हाना गिळून झाला होता. "दिली व्हती."

जमिनीवर आडवा पडलेला ज्योतीराम म्हणाला, "दिली असंल की. मलाच ऐकू आली न्हाई."

मालोजीनं लिहिलं : हाळी दिली होती. कामगाराच्या कानातील दोषामुळे ऐकू गेली नाही.

ज्योतीराम सरळ माणूस. दोन महिने पडल्या पडल्या त्यानं नीट विचार केला. मन्सूर खोटं बोलणार नाही, तेव्हा कान खोटा. आणि कान डावाच, कारण मन्सूर जरा डावीकडे होता. तेव्हापासून तो डाव्या बाजूच्या माणसाला हातानं थांबवायचा आणि उजवा कान पुढे करायचा. कुणी तेल सांगितलं, तेल सुरू झालं. चाळीतली माणसं त्याच्याशी ओरडून बोलू लागली, मन्सूरही. खोटं एकदा बोललं की भागतं म्हणतात. मन्सूरला ते रोज ओरडून बोलावं लागायचं.

उरलेली भरपाई त्यानं अंगमेहनतीनं चालवली होती. रोज सकाळी ज्योतीरामला डबलसीट घेऊन फुगेवाडी, कासारवाडी करत पिंपरीला न्यायचं. कॅरिअरवर ताहेरानं, म्हणजे मन्सूरच्या बायकोनं शिवलेली गादी. रस्त्यातला एकेक खड्डा मन्सूरला नावानिशी पाठ होता. कारखान्यात ज्योतीरामला बसून नट तपासायचं काम दिलं होतं. त्याला पाणी आणून द्यायचा मन्सूर, डबा उघडून द्यायचा मन्सूर, बुटाची नाडी बांधायचा मन्सूर. ज्योतीरामनं "आई गं" म्हणायच्या आत तो हजर व्हायचा. पुष्कळदा नुसत्या "आ" वरच.

"भाऊ असावा तर असा," ज्योतीरामची बायको सुभद्राबाई साऱ्या चाळीला सांगायची. ज्योतीरामशी ओरडून बोलायची सवय लागल्यामुळे ती हेही ओरडूनच सांगायची. ते ऐकलं की मन्सूर तंबाखूची डबी काढायचा.

असं सगळं सुरळीत वाईट चाललेलं असताना एकोणऐंशीच्या श्रावणात कारखान्यात नवे साहेब आले. त्यांनी नोटीस लावली. हलक्या कामावरच्या माणसांनी दिवाळीपर्यंत उभ्यानं पूर्ण पाळी करून दाखवावी, नाहीतर कामास अयोग्य म्हणून घरी बसावं. ज्योतीरामला ड्रिलिंग मशिन नेमून दिलं. त्या मशिनसमोर स्टूल नव्हतं. असतं तरी मालोजीनं उचललं असतं.

आणि दवाखान्यात सुमनताई आल्या.

कारखान्याच्या दवाखान्यात नऊ वर्षं ज्योतीरामला एकच पांढरी गोळी मिळत होती. सुमनताई पुण्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. मानसशास्त्र शिकलेल्या, तिशीच्या आतल्या, पर्समध्ये औषध एकही नाही, नुसते चौकटीचे कागद आणि पट्टी. कामगारांनी त्यांना पहिल्याच दिवशी 'डोक्याची डॉक्टरीण' करून टाकलं.

"बाई, माझं दुखणं कंबरंचं हाय," ज्योतीराम दारातूनच म्हणाला. "डोकं एकदम ब्येस हाय."

"कंबर दुखते हे कंबरेला कळतं तसं डोक्यालाही कळतं ना?" सुमनताई म्हणाल्या. "कंबरेच्या बाजूनं नऊ वर्षं औषध झालं. आता दुसऱ्या बाजूनं बघू. हे काही माझ्या मनचं नाही. अशा रीतीनं पुष्कळ जणांची दुखणी मोजून पाहिलीत. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना गुण आलाय. तुम्हाला येतो का, तेही मोजूनच ठरवू."

त्यांनी वही दिली. दर तासाला लिहायचं : काय करत होतो, जवळ कोण होतं, आणि दुखणं किती. काहीच नाही म्हणजे शून्य, सहन होत नाही म्हणजे दहा. ज्योतीरामनं तीन आठवडे इमानेइतबारे लिहिलं. त्याला धरून आणून दाराबाहेर उभा राहणारा मन्सूर तीन आठवडे इमानेइतबारे घाबरला, कारण 'जवळ कोण होतं' या रकान्यात जवळजवळ दर तासाला त्याचंच नाव पडत होतं.

चौथ्या मंगळवारी सुमनताईंनी दोघांनाही आत बोलावलं. टेबलावर चौकटीचा कागद. त्यावर एक रेघ डोंगरासारखी चढलेली आणि मध्येच चार दिवस दरीत उतरलेली.

"हे चार दिवस काय झालं होतं?"

ज्योतीरामनं बोटं मोजली. "काय की बाबा. हा मन्सूर चाकणला बहिणीकडं गेला होता तवाचं असंल."

"तेव्हा दुखणं पाचावर. मन्सूरभाई परत आल्यावर आठ."

मन्सूर कागदावर वाकला. "म्हंजे बाई, मीच दुखणं हाय?"

नऊ वर्षं त्याच्या मनात जे होतं ते आता चौकटीच्या कागदावर आलं होतं, तेही पट्टीनं आखून.

"तसं नाही," सुमनताई समजावून सांगू लागल्या. "दुखणं खरं आहे, त्यात सोंग नाही. पण कंबर जरा हलली की तुम्ही धावता. डोळ्यांत धास्ती, हातात पाणी. अंग शिकतं, मन्सूरभाई. नऊ वर्षं तुम्ही त्या कंबरेला शिकवताय की तू मोडकी आहेस, हललीस तर घात होईल. म्हणून ती हलायच्या आधीच ओरडते. आणि न हलून हलून स्नायूही थकलेत. आता तिला उलट शिकवायचं. रोज ठरवून थोडं चालायचं, ठरवून उभं राहायचं. दुखलं म्हणून कमी नाही, आणि बरं वाटलं म्हणून जास्त नाही. थांबायचं कधी, ते कंबरेला विचारायचं नाही, कागदाला विचारायचं. आणि तुमची मदत बंद."

"किती बंद?"

"सगळी."

"पाणी?"

"ते उठून घेतील."

"नाडी?"

"वाकतील की."

"सायकल?"

"पिंपरीला बस येते."

जन्मठेप झालेल्या माणसाला जेलरनं येऊन सांगावं, उद्यापासून दगड फोडायचे नाहीत, नुसतं बसून राहायचं. तसं मन्सूरचं झालं. त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला. सुमनताईंची नजर त्या हाताबरोबर गेली.

"अर्ध्या तासात ही तिसरी वेळ. काय होतं तेव्हा?"

"रुखरुख व्हती बाई."

"कशाची?"

"अशीच. फुकटची."

"मग ती पण मोजू," म्हणून त्यांनी मन्सूरलाही वही दिली. रुखरुख शून्य ते दहा, तंबाखू किती वेळा, आणि आधी काय झालं.

आठवड्यानं त्यांनी वही उघडली. "सगळीकडे दहा? कधी नऊसुद्धा नाही? झोपेत तरी?"

"झोपेत मोजाय जमत न्हाई."

"एक मात्र दिसतं. रुखरुख वाढली की तुम्ही तंबाखू खाता. आणि तंबाखू खाल्ली की पुढच्याच ओळीत रुखरुख. म्हणजे औषध आणि रोग एकाच डबीत." त्यांनी उपाय सांगितला. हात खिशाकडे निघाला की लगेच मूठ आवळायची आणि घड्याळ लावून तीन मिनिटं आवळलेलीच ठेवायची. त्या वेळात तलफ ओसरते. मन्सूरनं हा उपाय मनापासून केला. परिणाम असा झाला की मालोजी फोरमन काही बोलायला आला, की मन्सूर त्याच्याकडे बघत मूठ आवळून उभा. आठवडाभरात मालोजी त्याला "मन्सूरराव" म्हणू लागला.

कानाचं प्रकरणही त्याच सुमारास निघालं. एका शुक्रवारी सुमनताई ज्योतीरामच्या डाव्या बाजूला कपाटात तोंड घालून काहीतरी शोधत होत्या. तिथूनच त्या हळू म्हणाल्या, "पाणी घेता?"

"नको बाई, आत्ताच पेलो," ज्योतीराम म्हणाला.

सुमनताईंनी तोंड बाहेर काढलं. लगेच त्यांनी चिठ्ठी देऊन त्याचा कान तपासून घेतला. निकाल आला : दोष नाही. आता फुटतं बिंग, म्हणून मन्सूरनं भिंतीला पाठ टेकली.

ज्योतीरामचा चेहरा उजळला. "बघा! तेलाचा गुण. नऊ वर्षं घातलंय, बाई, येळंला चुकलो न्हाई."

"मग आता बंद करा."

"असं कसं? बंद केलं तर परत जाईल की."

सुमनताईंनी मन्सूरकडे पाहिलं. मन्सूरनं मूठ आवळली.

चालण्यासाठी सुमनताईंनी कारखान्याच्या मागच्या कुंपणभिंतीवर चुन्यानं खुणा करायला सांगितल्या होत्या. वीस पावलांवर एक खूण. जेवणाच्या सुट्टीत ज्योतीरामनं तिथं चालायचं, दर दोन दिवसांनी एक खूण वाढवायची. मन्सूरला तिकडे फिरकायला बंदी. तो पत्र्याच्या शेडच्या फटीतून बघायचा. चौथ्या खुणेपाशी ज्योतीरामचा चेहरा असा पिळवटायचा की मन्सूर पाण्याचा तांब्या उचलायचा आणि परत ठेवायचा. पाणी द्यायचं नाही, हात द्यायचा नाही. पण भिंतीला हात लावायचा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळीच्या तासभर आधी मन्सूर भिंतीशी पोचला. ओल्या फडक्यानं पाचवी खूण पुसली आणि तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन वीसऐवजी चौदा पावलांवर नवी केली. मग सहावी बारावर. मग सातवी दहावर. तंबाखू कमी झाली होती, त्यामुळे चुना शिल्लकच होता. पहिल्यांदाच त्यानं वहीत नऊ लिहिलं.

सुमनताई घड्याळ लावून बसायच्या. सात खुणांना जेवढी मिनिटं लागायला हवी होती, त्याच्या बऱ्याच आधी ज्योतीराम सातवी खूण गाठायला लागला. त्यांनी दोनदा घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू होतं.

"ज्योतीराम, तुमचा वेग सव्वापट झालाय!"

"मला तर तेवढाच वाटायलाय बाई."

"वाटण्यावर जायचं नाही," सुमनताई म्हणाल्या. "आकडे बघा."

आकड्यांचा मान राखून त्यांनी बेत पुढे सरकवला. त्या आठवड्यात ड्रिलिंग मशिनसमोर दोन तास उभं राहायचं होतं, त्याचे चार केले. ज्योतीराम खूश होऊन उभा राहिला. पहिला तास गेला, दुसरा गेला. तिसऱ्या तासाला तो मशिनचं हँडल धरून हळूहळू खाली उतरला आणि जमिनीवर आडवा झाला, अगदी नऊ वर्षांपूर्वी झाला होता तसा. चौघांनी उचलून त्याला घरी नेलं. त्या चौघांत मन्सूर नव्हता. त्याला मदतीची बंदी होती.

तो जिथल्या तिथे उभा होता. पुन्हा एकदा त्यानं न सांगता आपलं टोक खाली केलं होतं, आणि पुन्हा सगळं ओझं पुढच्याच्या कंबरेवर गेलं होतं. वहीत अकराला जागा नव्हती. त्यानं समासात लिहिलं.

शुक्रवारी तो दवाखान्यात गेला तेव्हा सुमनताई कागद समोर घेऊन बसल्या होत्या. चढत गेलेली रेघ तिथं तुटली होती. पट्टी हातात होती, पण आखायला काही नव्हतं.

"बाई," मन्सूर उभ्याउभ्याच म्हणाला, "तुमचं मोजमाप बराबर हाय. भिंत खोटी हाय."

त्यानं चुन्याचं सगळं सांगितलं. सुमनताईंनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ते मला तेवढंच वाटतंय म्हणत होते आणि मी ऐकलं नाही. भिंत मी स्वतः चालून बघायला हवी होती. चूक माझीही आहे." आणि कागदावरून डोळे न काढताच विचारलं, "आणि कान?"

मन्सूरनं तेही सांगितलं. बार, नाकातला "हं", मालोजीची पेन्सिल. सांगताना त्याच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या.

"आता किती?"

"नऊ."

"म्हणजे दोन उतरले. राहिलेले माझ्याकडे उतरायचे नाहीत, मन्सूरभाई. ज्यांच्याकडे उतरतील तिथं जायला हवं."

"आन त्यानं मला उभा न्हाई केला तर?"

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "तसं होणार नाही असं मी सांगू शकत नाही. त्याचा माझ्याकडे कागद नाही."

त्या दिवशी घरी जाऊन त्यानं ताहेराला सांगितलं. ती लसूण सोलत होती. सुभद्राबाईच्या तेलासाठी नऊ वर्षं लसूण तीच सोलून द्यायची, कारण शेजारधर्म. तिनं हातातली पाकळी ताटलीत ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"अवो," ती म्हणाली, "शेरभर खाल्ला असंल की वो त्या कानानं."

"जाऊ का मग?"

"आता का? परवा रविवार हाय. तेल पडायच्या आदी जावा. नंतर गेलात तर अजून एक रविवार चढंल."

रविवारी मन्सूर उंबऱ्यात उभा राहिला तेव्हा ज्योतीराम उजव्या कुशीवर पडलेला, डावा कान छताकडे, आणि सुभद्राबाई चमच्यात तेल घेऊन वाकलेली.

"या भावजी!" ती नेहमीच्या पट्टीत ओरडली. "चहा टाकू?"

"वहिनी, चमचा खाली ठेवा."

तिनं ठेवला नाही. तसाच धरून राहिली. मन्सूरनं आधी भिंतीचं सांगितलं. ते ऐकून ज्योतीराम हसला, हसताना कंबर दुखली म्हणून कण्हला आणि कण्हता कण्हता परत हसला. "आरं येड्या, तरीच म्हणलं मी एवढा पळायलोय कसा!"

ते हसणं बघून मन्सूरला वाटलं, इथंच थांबावं. नाडी बांधावी, पाणी द्यावं, उद्यापासून गादी पुन्हा कॅरिअरवर टाकावी. हात खिशाकडे निघाला. त्यानं मूठ आवळली. तीन मिनिटं थांबला नाही.

"ज्योतीराम, सत्तर साली मी हाळी दिली नव्हती. तोंडात बार व्हता. मी खोटं बोललो."

चमच्यातलं तेल कलंडून उशीवर पडलं.

"कान?" ज्योतीरामनं विचारलं.

"तुझा कान बरा हाय. पहिल्यापासनं बराच हाय."

ज्योतीराम हळूहळू उठून बसला. कुणी हात दिला नाही, तरी बसला. डाव्या कानात बोट घालून त्यानं तिथलं जुनं तेल पुसलं आणि बोटाकडे बघत राहिला. पहिला स्फोट सुभद्राबाईचा झाला.

"नऊ वर्षं मी ह्या माणसाशी बोंबलून बोलायले! आमच्या घरातलं एक म्हणून बोलणं चाळीपासनं लपलं न्हाई! सासूला काय म्हणले ते सासूच्या आधी फुगेवाडीला कळलं! अन् तुमी ऐकत बसलात?"

"व्हय वहिनी."

"मोठ्यानं ऐकत बसलात!"

याचा अर्थ काय ते तिलाही नीट सांगता आलं नसतं, पण मन्सूरला पटलं.

ज्योतीराम मात्र ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं मन्सूरला फार वाटत होतं. "कंबर गेली त्याचं काय न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "ओझ्यात कुणाची तरी जाणारच. पण लोक बोलायचे न् मला वाटायचं, आपल्याला अर्धंच ऐकू येतंय. सभेत, लग्नात, मी कडंला बसायचो. कुणी हसलं तरी वाटायचं, आपल्याला ऐकू आलं नसंल." तो थांबला. "जा आता."

मन्सूर गेला. वहीत त्यानं काहीच लिहिलं नाही. रकाना कोरा सोडला.

सोमवारी सकाळी तो सवयीनं सायकल घेऊन दारात उभा राहिला. गादी काढलेली होती. ज्योतीराम बाहेर आला, सायकलकडे न बघता बस थांब्याकडे चालू लागला. मन्सूर दहा पावलं मागून सायकल ढकलत निघाला. दोघं तसेच गेले. ज्योतीराम बसमध्ये चढला, मन्सूर बसच्या मागे पायडल मारत सुटला. कारखान्याच्या फाटकात ज्योतीराम पहिल्यांदा बोलला, मागे न वळता.

"खुणा नव्यानं मारायच्या. वीस-वीस पावलं. मी मोजणार, तू मारायच्या. अन् डबीतला चुना न्हाई, बादलीतला."

त्यांनी सुट्टीत खुणा मारल्या. ज्योतीराम पावलं मोजायचा, मन्सूर कुंचल्यानं रेघ ओढायचा. आकड्यांपलीकडे एक शब्द नाही. सुमनताईंनी या वेळी स्वतः पूर्ण भिंत चालून बघितली आणि बेत पुन्हा पहिल्या खुणेपासून सुरू केला. आधी एक खूण, मग दोन. मशिनसमोर वीस मिनिटं, मग तीस. दुखलं तरी तेवढंच, बरं वाटलं तरी तेवढंच. मन्सूर शेडच्या फटीपाशी जायचा, आवळलेल्या मुठी बगलेत दाबायचा आणि धावायचा नाही. न धावणं हे इतकं कष्टाचं काम असतं, हे त्याला पन्नास किलोची पोती उचलून कधी कळलं नव्हतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी ज्योतीरामनं पूर्ण पाळी उभ्यानं काढली. साहेबांनी सही केली. दुखणं गेलं नव्हतं. वहीत चार होतं, एखाद दिवशी पाच. "चार हाय, पण ते माझ्या मागं मागं येतंय," ज्योतीराम सुमनताईंना म्हणाला. "आधी पुढं चालायचं."

मन्सूरच्या वहीत आठ होतं. सुमनताईंनी त्यावर काही शेरा मारला नाही.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातलं जुनं लोखंडी बाकडं रंगवायला बाहेर न्यायचं होतं. फार जड नव्हतं, पण दोन माणसांचं होतं. मालोजीनं मन्सूरला हाक मारली. दुसरा माणूस शोधायला तो वळणार, तोच ज्योतीराम मशिन बंद करून आला आणि बाकड्याचं पुढचं टोक धरून उभा राहिला.

सुमनताईंनी तोंड उघडलं, कागदाकडे पाहिलं आणि मिटलं. वजन बेतात बसत होतं.

दोघांनी बाकडं उचललं. पुढे ज्योतीराम, मागे मन्सूर. दवाखान्यातून निघाले, मशिनांच्या रांगेतून गेले, मोकळ्या अंगणात पोचले. ज्योतीराम थांबला. वळून बघितलं नाही. ओझं धरून नुसता उभा राहिला, मान जरा डावीकडे कलती.

मन्सूरचं तोंड रिकामं होतं. सकाळपासूनच रिकामं होतं, पण आता ते कोरडंही पडलं होतं. त्यानं श्वास घेतला आणि नऊ वर्षं अडकलेली हाळी एकदाची सोडली.

"उताऽऽर हो!"

तिकडे दोन मशिनं बंद पडली. मालोजीच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. फाटकावरचा पहारेकरी काय झालं म्हणून आत धावत आला.

"उतार," ज्योतीराम म्हणाला. दोघांनी गुडघे वाकवले आणि बाकडं आवाज न होता जमिनीला टेकलं.

ज्योतीरामनं कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. मग तो वळला.

"एवढं बोंबलायला काय झालं?" तो म्हणाला. "मला ऐकू येतंय."